वहिनी, लेकीच्या परसात खाण निघाली!

वहिनी, आहात का तिकडे? मेथी निवडताय होय? निवडा, निवडा, तुमचे हात चालू द्या, मी माझं तोंड चालवते. लेकीकडून परत आल्यापासून तुम्हाला सांगायचं सांगायचं म्हणतेय आणि रोज कुणी ना कुणी मध्ये कडमडतंय. आज हे बँकेत गेलेत, म्हणजे जेवणवेळेपर्यंत फुरसतच फुरसत.

अहो, धाकटीने तिकडे घर पसंत केलं आणि त्या घराच्या परसात कोळशाची खाण निघाली! देवाशपथ. घर कसं, तर छान जोडघर, मागे हिरवळ, हिरवळीला लागून बाग. घर दाखवणारा पोरगा मागच्या दारात उभा राहून म्हणतो कसा, “बघा, मोकळा व्ह्यू!” मोकळा का आहे ते काही बोलला नाही मेला. शिवाय किंमत आसपासच्या घरांपेक्षा कमी. मी लेकीला तेव्हाच म्हटलं, स्वस्त घर आणि गोडबोल्या जावई, दोन्हीची चौकशी जास्त करावी. आपले जावई शेजारीच उभे होते. हसले बिचारे.

गाव स्टोक-ऑन-ट्रेंट. जावई तिथल्या हॉस्पिटलात आहेत ना. गाव म्हणजे तसं ते एक नाहीच. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँग्टन अशी सहा गावं एकमेकांना खेटून, १९१० साली त्यांची मोट बांधली. सगळा धंदा कपबश्यांचा. वेजवूड तिथलाच, मिंटन तिथलाच. आणि आपल्या मोरीला लावतो त्या जॉन्सनच्या टाइल्स? ती कंपनीही मूळची तिथली, मग आपल्याकडे आली. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम बघितलंत ना, त्याची ती नक्षीची फरशी मिंटनची. म्हणजे त्या गावाशी आपला पायाचा संबंध जुनाच म्हणायचा.

आता गंमत बघा. पांढऱ्या कपबशीची पांढरी माती त्या गावात नाहीच मुळी. ती यायची पार खालून, कॉर्नवॉल-डेव्हनहून. आधी समुद्राने, मग कालव्याने. तो कालवा व्हावा म्हणून वेजवूडने जिवाचं रान केलं, १७७७ साली पुरा झाला. मग कारखाने तिथेच का? तर कोळशामुळे. भट्टीत जेवढी माती भाजायची त्याच्या कितीतरी पट कोळसा जळायचा. तेव्हा शहाण्या माणसाने माती कोळशाकडे न्यावी, कोळसा मातीकडे आणू नये. आणि त्या कोळशाच्या थरांच्या वर गावची स्वतःची लाल माती. एट्रुरिया मार्ल म्हणतात तिला, वेजवूडच्या कारखान्याच्या वस्तीवरूनच भूगर्भवाल्यांनी ते नाव दिलं. ती कपाला चालत नाही, पण विटा, कौलं, फरश्या, गटाराचे पाइप यांना एक नंबर. म्हणून एकाच आवारात वर मातीचा खड्डा आणि खाली कोळशाची खाण. वरची माती काढायची, खालच्या कोळशाने भाजायची. दोन्ही धंदे एकाच मालकाचे, असंही कितीदा असायचं.

हो हो, येतेच घरावर.

आपल्याकडे जमीन घेताना सातबारा बघतात, तसा तिकडे कोळशाच्या पट्ट्यात घर घेताना वकील खाणींचा रिपोर्ट मागवतो. त्यासाठी सरकारी खातंच आहे. कोल अथॉरिटी म्हणायचे, २०२४ पासून नाव बदलून मायनिंग रेमेडिएशन अथॉरिटी झालंय. त्यांच्या दप्तरी खाणींची पावणेदोन लाखांच्या घरात तोंडं आहेत, वहिनी! तुमच्या हद्दीपासून २० मीटरच्या आत एखादं असलं की रिपोर्टात येतं. लेकीच्या रिपोर्टात आलं. एक तोंड, नक्की जागा सांगता येत नाही, बुजवल्याची नोंद नाही.

झालं! घरात सुतक. लेक रात्रभर जागी, जावई सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घालून बसलेले. “नोंद नाही म्हणजे काय? सरकारला माहीत नाही?” मी म्हटलं, अरे बाबा, जुन्या खाणींचं तसंच असतं. सोडलेल्या खाणीचा नकाशा सरकारजमा करायचा असा कायदा झाला तो १८७२ साली. त्याआधी ज्याने खणलं त्याला माहीत, तो मेला की गोष्ट संपली. भोकावर लाकडं आडवी टाकायची, वरून माती लोटायची आणि चालू लागायचं. लाकूड कुजायला वेळ लागतो, पण कुजतं. मग एखाद्या दिवशी, शंभर वर्षांनीसुद्धा, कुणाच्या तरी अंगणाला गोल भोक.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्याचं? अहो, नकाशा नसला की काय होतं ते त्याच भागात झालंय. गावाच्या पश्चिमेला ऑडली म्हणून आहे, तिथली डिगलेक खाण. १८९५ चा जानेवारी. खालचे लोक कोळसा तोडत होते आणि शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या पोकळीत पाणी साठलेलं, ते फुटून आत घुसलं. ७७ माणसं गेली. बहुतेकांची प्रेतंसुद्धा हाती लागली नाहीत. तुम्हाला चासनाळाची खाण आठवेल. १९७५, डिसेंबर. तेही तसंच, वरच्या जुन्या खाणीतलं पाणी खाली आलं आणि पावणेचारशे माणसं गिळली. ‘काला पत्थर’ सिनेमा त्यावरूनच निघाला. तुमचे वडील तेव्हा बल्लारपूर कोलरीत होते ना? ती बातमी आली त्या रात्री तुमच्या आईने चूल पेटवली नव्हती, हे तुम्हीच सांगितलंत मागे.

तर सुतक चालू असताना डाव्या हाताची शेजारीण डोकावली. जे घर लेक घेणार त्याच्या डावीकडची हो. ऐंशी ओलांडलेली आजी, आपल्यासारखंच कुंपणावरून बोलणारी. ते लोक येणाऱ्याजाणाऱ्याला ‘डक’ म्हणतात, बदक! मला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी मागे वळून तळं शोधलं. आजी म्हणाली, खाणीचा फोटो माझ्याकडे आहे की. माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढला आणि त्यातून एक पोस्टकार्ड. काळं-पांढरं. तिच्या सासऱ्याच्या घरात सापडलेलं.

आता नीट ऐका, इथून माझा प्रांत. तीस-पस्तीस वर्षं भूगोल शिकवला तो काय उगीच?

फोटोत समोर भला मोठा खड्डा. पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला, तळाशी पाणी. एका बाजूने तिरके रूळ वर आलेले, त्यावर दोन डबे. खड्ड्यापलीकडे उंच धुराडं, लांबच लांब बुटक्या शेड. उजव्या अंगाला लाकडी मनोरा आणि त्याच्या माथ्यावर चाक. लांबवर चर्चचा चौकोनी बुरूज, बाटलीच्या आकाराच्या दोन भट्ट्या आणि घरांची एक रांग. खड्ड्याच्या काठावर चार पुरुष, कोट-टोपी घालून, फोटोवाल्याकडे बघत ताठ उभे. एकही अक्षर कुठे नाही. ना पाटी, ना कारखान्याचं नाव.

जावई म्हणाले, “ही दगडाची खाण दिसते, आपली नव्हे.” मी म्हटलं, भिंग आणा. दगडाच्या खाणीची भिंत कशी असते? तडकलेली, कोनाकोनाची, खाली धोंडे पडलेले. इथे भिंतीवर पावसाच्या ओघळांनी बारीक बारीक नाळी पडल्यात. पावसाने दगडाला अशी नाळ पाडायला जन्म जातील, मातीला एक पावसाळा पुरतो. शिवाय खडी फोडायचं यंत्र कुठेच नाही. आणि त्या बुटक्या शेड? बाजूच्या भिंतींना फटी ठेवलेल्या, वारा खेळावा म्हणून. कच्च्या विटा सुकवायच्या जागा त्या. एका शेडच्या कडेला मातीचे ढीग. तिकडे पानगळीत माती खणून हिवाळाभर उघड्यावर टाकायचे, म्हणजे बर्फ पडून, गोठून, फुटून ती आपोआप मऊ व्हायची. फुकटचा मजूर. तेव्हा दगड नाही, माती. वीटभट्टीचा खड्डा.

आणि उजवीकडचा मनोरा? तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तशा मनोऱ्याखाली वाढलात. शाफ्टवरचं हेडगिअर. वरच्या चाकावरून दोर जातो, इंजिनघरातलं यंत्र तो ओढतं आणि पिंजरा खालीवर करतं. भिंगातून बघितलं तर चाकावर दोरच नाही. आणि मनोऱ्यामागे इंजिनघराचं छप्पर अर्धं गेलेलं, वासे उघडे. म्हणजे फोटो काढला तेव्हा मातीचं काम जोरात आणि कोळशाचं काम बंद पडून वर्षं झालेली. आपला वरोरा नाही का? सरकारने चालवली खाण आणि १९०६ साली बंद केली. बंद पडली म्हणून वरचं सगळं त्याच दिवशी कोण मोडतं? लाकडाला गिऱ्हाईक येईपर्यंत उभंच राहतं.

लेक म्हणाली, “आई, पण साल?” मी कार्ड उलटलं. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बोलते, हे विद्यार्थ्यांना सांगून सांगून घसा बसला माझा. मागे मधोमध उभी रेघ. एकीकडे मजकूर, एकीकडे पत्ता. ब्रिटनमध्ये तशी मुभा मिळाली १९०२ ला, त्याआधी एक अख्खी बाजू पत्त्याला द्यावी लागे. तिकीट अर्ध्या पेनीचं, हिरवं, त्यावर दाढीवाले सातवे एडवर्ड. ते गेले १९१० ला. शिक्का पुसट, तारीख लागत नाही. पण कार्ड टपालात पडलं ते साधारण १९०२ च्या पुढे आणि १९१० च्या आसपास, एवढं नक्की. मजकूर काय, तर दात काढला, आता बरं आहे, रविवारी येतो. शंभर वर्षांपूर्वीचा व्हॉट्सॲप.

आता प्रश्न जागेचा. तसले खड्डे त्या गावात पासरीभर होते. हा लेकीच्या घरामागचाच कशावरून?

तिथे नकाशे कामाला येतात. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेने मैलाला २५ इंच असे नकाशे काढलेत. अहो, एवढ्या मोठ्या मापात परसातला पंपसुद्धा दिसतो. १८७० च्या दशकातली एक मोजणी, शतक संपताना दुसरी, १९२० च्या दशकात तिसरी. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे सगळे इंग्लंडचेसुद्धा इंटरनेटवर फुकट ठेवलेत, डावीकडे जुना नकाशा, उजवीकडे आजचं उपग्रहचित्र, एकावर बोट ठेवलं की दुसऱ्यावर तीच जागा. माझी तर झोप उडाली, वहिनी. आपल्याकडे टोपोशीट बघायला मिळावी म्हणून कुणाकुणाच्या हातापाया पडायला लागायचं! लेक रात्री उठून पाणी प्यायला आली तर मी दिवा लावून बसलेली.

घरामागच्या बागेच्या जागी पहिल्या नकाशावर वीटभट्टी आणि लहानसा खड्डा. शेजारी ‘कोलरी’. दुसऱ्या नकाशावर खड्डा वाढलेला, आणि कोलरीच्या जागी एक बारीक गोल, त्याशेजारी ‘ओल्ड शाफ्ट’. जरा पलीकडे दुसरा गोल. दोन का? तर १८६२ च्या जानेवारीत न्यूकासलकडच्या हार्टली खाणीत पंपाच्या यंत्राची अजस्र लोखंडी तुळई मोडून एकुलत्या एका शाफ्टमध्ये पडली. खाली अडकलेले बाहेर येऊच शकले नाहीत, २०४ माणसं गेली. त्यानंतर कायदाच झाला, खाणीला वाटा दोन पाहिजेत. म्हणून जुन्या खाणीचं एक तोंड सापडलं की दुसरं शोधायचं. रिपोर्टात एकच होतं. नकाशावर दोन.

मी काय केलं, फोटोवाला कुठे उभा होता ते काढायला घेतलं. प्लेन टेबलवर रिसेक्शन शिकवायचो ना आम्ही, तेच. फोटोतल्या मोठ्या वस्तूंकडे बघायचंच नाही. खड्डा काय, मनोरा काय, ते सगळीकडे सारखेच. बघायचं मागे. चर्चच्या बुरुजाची कडा धुराड्याला कुठे चिकटते? बाटली-भट्टीचं तोंड कुठल्या घराच्या छपरावरून डोकावतं? बुरुजाची ती कडा आणि धुराडं एका रेषेत, तर नकाशावर ती रेष मागे ओढायची. भट्टी आणि छप्पर एका रेषेत, ती दुसरी रेष. दोन्ही जिथे कापतील तिथे कॅमेऱ्याचे पाय.

रेषा ओढल्या. आणि त्या भेटल्या कुठे? कालव्याच्या मधोमध! पाण्यात उभा राहून कोण फोटो काढेल? पुन्हा ओढल्या, पुन्हा पाण्यात. धुराड्याच्या डावीकडे असायला हवा तो बुरूज फोटोत उजवीकडे. जावई म्हणाले, “मम्मी, म्हणजे दुसरंच गाव असेल.” त्यांच्या आवाजात जरा सुटकेचाच सूर.

तेवढ्यात शेजारची आजी आली, डबा परत न्यायला. कार्ड हातात घेतलं, जरा लांब धरलं आणि म्हणाली, हा फोटो उलटा छापलाय. मी अवाक! विचारलं, कशावरून? म्हणाली, कोट बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, इथे चौघांचंही उलटं आहे. एकाचं चुकेल, चौघांचं कसं चुकेल?

आणि तिला ते चटकन का दिसलं माहितीय? पोरवयात ती कारखान्यात बशीवर नक्षी चिकटवायच्या कामाला होती. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरतात, त्यावर शाई फासून पातळ कागदावर छाप उठवतात. कागदावर चित्र उलटं येतं. तो ओला छाप बशीवर घासून बसवला की पुन्हा सुलट. निळ्या-पांढऱ्या विलोच्या बश्या बघता ना आपण, झाड, पूल, दोन पक्षी, त्या तशा होतात. दिवसभर उलटी चित्रं हाताळणाऱ्या बाईला उलटं चित्र लपणार कसं? मी एवढी पुस्तकं वाचलेली आणि तिने बटणांवरून निकाल लावला.

काचेची निगेटिव्ह असायची तेव्हा. छापताना पालथी पडली की चित्र फिरलं, संपलं. फोनवर फोटो घेऊन आडवा फिरवला. बुरूज धुराड्याच्या डावीकडे गेला, मनोरा डावीकडे आला, शेडच्या सावल्यासुद्धा शहाण्यासारख्या उत्तरेच्या अंगाला पडल्या. तिकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेलाच असतो, वहिनी. आपल्यासारखा मे महिन्यात डोक्यावर येऊन पलीकडे उत्तरेला सरकत नाही. पुन्हा रेषा ओढल्या आणि त्या भेटल्या एका गल्लीच्या तोंडाशी. ती गल्ली आजही आहे. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन तिथे उभी राहिले. धुराडं गेलं, भट्ट्या गेल्या. गावात एके काळी हजारांनी होत्या, आता पन्नाससुद्धा राहिल्या नाहीत. १९५६ चा धुराचा कायदा आला आणि कोळशाच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. पण चर्चचा बुरूज होता तिथेच! आणि त्या घरांची रांग पण. फोटोतली धुराडी मोजली, समोरची मोजली. एक पाडलेलं सोडून सगळी जुळली.

मग मनोऱ्याची दिशा धरून रेष ओढली, तर ती बरोब्बर पहिल्या गोलावरून गेली. आणि तो गोल आजच्या चित्रावर कुठे आला? लेकीच्या परसात नाही! उजव्या हाताचं दुसरं घर. तिथे एक म्हातारबुवा राहतात, एकटे, टोमॅटोचं काचघर आहे त्यांचं. काचघराच्या कोपऱ्याखाली!

आता हे त्यांना सांगायचं कुणी? लेक म्हणाली मी नाही, जावई म्हणाले माझी ड्युटी आहे. शेवटी आजी आणि मी गेलो. सगळं ऐकून म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, तरीच. दर हिवाळ्यात बर्फ पडला की त्या कोपऱ्यात एक गोल चकती आधी वितळते, मला वाटायचं मांजर बसतं. अहो, खाणीतली हवा बारमास एकाच तापमानाची. बाहेर गोठलेलं असलं की ती ऊब वर येते. बरं, नुसती ऊब नाही. जुन्या खाणीत प्राणवायू संपलेली हवा साठते, वास नाही, रंग नाही. बाहेरचा वायुदाब उतरला, वादळी हवा झाली, की ती वर ढकलली जाते. बंद खोलीत शिरली तर माणूस झोपल्या जागी. म्हणून बुजवलेल्या शाफ्टवर ती हवा निघून जायला पाइप ठेवतात. मी बुवांना म्हटलं, काचघराची दारं उघडी ठेवत जा आणि त्या खात्याला आजच्या आज फोन करा, चोवीस तास उचलतात. फोन केला त्यांनी. माणसं येऊन बघून गेली, कोपऱ्याला कुंपण घातलं. पण काचघर हलवायला बुवा तयार नाहीत. म्हणतात, माझे टोमॅटो आधी पिकू देत.

थांबा, कुकरची शिट्टी झाली का तुमच्याकडे? दोनच? मग बोलते.

तर घरात आनंदीआनंद. शाफ्ट आपला नाही! जावयांनी पेढे नाहीत म्हणून केक आणला. आणि मी मात्र नकाशांवरच बसलेली. कारण सगळे त्या भोकाला घाबरत होते, मला तो खड्डा सलत होता. एवढा मोठा खड्डा गेला कुठे? बाग जरा खोलगट आहे खरी, पण खड्डा नाही. म्हणजे भरला. कशाने?

आजीने सांगितलं. तिच्या लहानपणी कारखान्यांच्या गाड्या येऊन तिथे रितं करायच्या. फुटके कप, बिघडलेल्या बश्या, भट्टीतली राख, प्लास्टरचे जुने साचे. पुढे घराघरातला कचरा. पोरं त्यात उतरून सोनेरी काठाचे तुकडे वेचायची. त्या गावात असे कितीतरी खड्डे असेच भरले गेले आणि वर हिरवळ घातली.

मग मी तिन्ही नकाशांवरची खड्ड्याची कड एकावर एक काढली. खड्डा वाढत वाढत गल्लीकडे सरकत आलेला. फोटोतली कड दुसऱ्या आणि तिसऱ्या नकाशाच्या मधली, म्हणजे कार्डाच्या सालाशी चोख जमतं. आणि तिसऱ्या नकाशावरची कड? लेकीच्या घराच्या बरोबर पोटातून! पुढची खोली अस्सल जमिनीवर, मागचं स्वयंपाकघर भरावावर.

खात्री करायला त्या घराच्या मालकिणीकडे खुरपं मागितलं. हे काय करताय म्हणून ती बघत राहिली, मी म्हटलं मला फुलझाडांची हौस आहे. पुढच्या वाफ्यात खुपसलं, तांबडी चिकण माती, एकसारखी. मागच्या वाफ्यात खुपसलं, पहिल्याच घावाला निळ्या नक्षीची खापरी. दुसऱ्याला कपाचा कान. तिसऱ्याला काळी राख. उभी राहिले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर नजर टाकली. खिडकीच्या कोपऱ्यापासून वर, विटांच्या सांध्यासांध्यांतून पायरीपायरीने गेलेली भेग. ताजा रंग मारून झाकलेली. पण उन्हाच्या तिरक्या उजेडात दिसतेच. अर्धं घर ठाम आणि अर्धं खाली बसतंय, तर भिंत मधोमध फाटणार नाही तर काय?

आणि कायद्याची मेख ऐका. कोळशाच्या खाणीमुळे जमीन खचली तर १९९१ च्या कायद्याने दुरुस्ती नाहीतर भरपाई मिळते. ते खातंच बघतं. मातीचा खड्डा कुणीतरी कचऱ्याने भरला आणि तो बसला, तर तो कायदा तुमचा नाही. तिथे तुम्ही आणि तुमचा विमावाला. म्हणजे ज्याला सगळे भीत होते त्याला सरकार वाली होतं, आणि ज्यावर हिरवळ होती त्याला कुणीच नाही.

लेक दोन दिवस फुगली. केक खाऊन झालेला ना! पण शेवटी नाही म्हणून कळवलं. आता त्याच रस्त्यावर जरा वर, फोटोतल्या त्या रांगेतलंच एक घर घेतलंय. १८७० च्या दशकातल्या नकाशावर ते घर आहे, खालची जमीन कुणी कधी खणलेली नाही, रिपोर्टातही काही नाही. किंमत जास्त पडली. स्वयंपाकघर लहान आहे, कुरकुर चालू असते तिची. मी म्हटलं, भेग तर नाही ना? मग चूप.

ते कार्ड आजीने स्कॅन करून मला दिलं, आणि मूळचं तिथल्या कील विद्यापीठाला दाखवायला नेणार म्हणालेय. तिथे वॉरिलो नावाच्या वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याचा मोठा संग्रह आहे, जुन्या स्टोकच्या फोटोंचा. त्या चौघा पुरुषांची नावं मात्र कुणालाच लागली नाहीत. आजीच्या सासऱ्याला माहीत असणार, पण त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने मागे लिहिलं नाही.

म्हणून म्हणते वहिनी, तुमच्या आईकडे वडिलांचे कोलरीतले फोटो आहेत ना अजून? दिवाळीत माहेरी जाल तेव्हा आईला आठवतंय तोवर एकेक समोर धरा आणि मागे लिहून घ्या. कोण, कुठली खाण, कुठलं साल, फोटोवाला कुठे उभा होता. मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको, पुढच्या बाजूला उमटतं.